फळीवरचा धक्का

बाबा, परवा मी एका फार मोठ्या माणसाला नको म्हटलं आणि भुवईवर टाके घालून घरी आले. आज रजा टाकलीय. दुपार आहे, आई आत पंख्याखाली झोपलीय, खालच्या रस्त्यावरून कंपन्यांच्या बस माणसं सोडून रिकाम्या परत चालल्यात. डावा डोळा निम्मा बंद आहे, त्यामुळे ओळी तिरक्या जातायत. तुम्हाला वाचता येत नव्हतं, तेव्हा त्याने काही बिघडत नाही. लिहायला बसले कारण काल आईने एक प्रश्न विचारला आणि मला तिच्यासमोर उत्तर देता आलं नाही. प्रश्न तुमच्याबद्दल होता. पण आधी झालं काय ते सगळं सांगते. मधूनच सुरुवात केलेली तुम्हाला खपायची नाही, लगेच हात उठायचा.

माझं काम नेमकं काय ते तुम्हाला कधी कळलं नाही. मी नोकरीला लागले तेव्हा तुम्ही गाळ्यागाळ्यावर सांगत फिरलात, 'पोरगी समुद्राच्या हापिसात लागली,' आणि अडते विचारायचे, पुण्यात समुद्र कुठाय? पुण्यात नाहीच तो. म्हणूनच त्याच्याबद्दल इथे एवढ्या बैठका होतात. तर आता सरकारने समुद्राच्या तळाचा नीट शोध घ्यायचं ठरवलंय. खाली काय आहे, जहाजं कुठे पाठवायची, काय उकरायचं आणि काय उकरायचं नाही, हे सांगायला जाणकारांचं एक सल्लागार मंडळ नेमायचंय. ती जाणकार माणसं शोधून काढायचं काम आम्हा तिघांवर आलं. एक निवृत्त सचिव, ते आमच्या निवड समितीचे अध्यक्ष. दुसरा हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपनीतला एक तरुण, कारण हल्ली संगणकवाल्याशिवाय सरकारला कुठलीच समिती पुरी वाटत नाही. आणि तिसरी मी, सदस्य सचिव, म्हणजे चहा सांगणारी आणि सही करणारी. तिघांच्या सह्या झाल्याशिवाय नाव दिल्लीला जात नाही. या एवढ्याशा नियमाला माझ्याशिवाय कुणी कधी किंमत दिली नव्हती.

बाकीची माणसं मिळत गेली. तळाच्या चिखलातले किडे ओळखणाऱ्या एक बाई मिळाल्या. नौदलातून निवृत्त झालेले एक कप्तान मिळाले. कोकणातल्या मच्छीमारांचा एक पुढारी आला, त्याने खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, 'आमचं ऐकणार हायसा, की फोटोपुरतं बोलावलंय?' मी त्याला तिथेच घेतलं. राहिली मंडळाच्या प्रमुखाची जागा. आणि त्या जागेसाठी सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं, एका प्राध्यापकाचं. माणूस हुशार, त्यात शंकाच नाही. समुद्राच्या तळाबद्दल त्याच्याइतकं आपल्याकडे कुणाला कळत असेल असं मला वाटत नाही. आम्ही त्याचीच पुस्तकं वाचून परीक्षा दिल्या. पण त्याने माझ्या खात्यातल्या एका मुलीचा जबडा मोडला होता, आणि हेही सगळ्यांना माहीत होतं.

ती मुलगी जहाजावर यंत्रं सांभाळते. जड यंत्र पोलादी दोराला लटकवून तळापर्यंत सोडायचं आणि परत वर ओढायचं, हे तिचं काम. प्राध्यापकाबरोबरच्या एका सफरीत वारा वाढला, लाटा डेकवर यायला लागल्या, दोर करकरायला लागला. असा ताणलेला दोर तुटला ना बाबा, तर तो डेकवर उभ्या असलेल्या माणसाला मधोमध कापतो. तिने दोर सोडणं थांबवलं. प्राध्यापकाचं यंत्र मधेच लटकत राहिलं. तो म्हणाला, सोड. ती म्हणाली, नाही सोडणार. त्याच्या हातात वॉकीटॉकी होता, जुना, विटेएवढा. तो त्याने तिच्या तोंडावर हाणला, ती पडली, आणि पडल्यावर पुन्हा हाणला. किनाऱ्याला लागल्यावर सगळ्यांनी सांगितलं, तोल जाऊन डेकवर पडली. तिनेही तेच सांगितलं. पुढे कितीतरी दिवस ती कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर बसून दहीभात कालवून, पातळ करून, गिळायची. त्याचं नाव पुढे आलंय असं कळल्यावर ती माझ्या खोलीत आली. म्हणाली, 'मॅडम, ते प्रमुख झाले तर सगळ्या सफरी त्यांच्या हाताखाली. मी जाऊ शकणार नाही. आणि मला समुद्रावरच जायचंय, मॅडम, मला दुसरं काही येत नाही.' बोलताना तिचा जबडा अजून एका बाजूला सरकतो. मी तिला सांगितलं, बघते. आपल्याकडे बघते म्हणजे काय असतं ते तिलाही माहीत होतं.

त्या दिवसापासून तुम्ही माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलात. कारण माणसं निवडायची म्हटलं की मला तुमची फळी आठवते. मार्केट यार्डाच्या भुसार विभागात तुमची पद्धत बदनाम होती. विदर्भातून, मराठवाड्यातून कुणी नवा हमाल तुमच्या टोळीत यायला आला की तुम्ही त्याला काही विचारायचा नाहीत. गाव नाही, नातं नाही. पाठीवर ज्वारीचं पोतं द्यायचात आणि गाळ्यातून ट्रकवर जाणाऱ्या लाकडी फळीवर चढवायचात. त्याच्या पुढे आपला एक जुना माणूस चालतोय, मागे तुम्ही. फळीच्या मध्यावर आला की तुम्ही त्याला मागून धक्का मारायचात. हलका नाही, दोन्ही हातांनी, कंबरेत. मग पोतं कुणावर जातं ते बघायचं. घाबरून ज्याने पुढच्याच्या पाठीवर ते फेकलं, त्याला तुम्ही तिथेच कानफटात द्यायचात आणि हाकलायचात. ज्याने पोतं सोडलंच नाही आणि त्याच्याखाली चिरडला, त्यालाही शिव्या. एका पोराचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, तो खाली पडून ओरडतोय आणि तुम्ही त्याला वरून लाथ घालताय, 'मेलेला हमाल कोनाच्या कामाचा बे?' आणि मग त्यालाच स्वतःच्या पाठीवर घेऊन दवाखान्यात पळत निघालात. लाथ घालणारे पण तुम्हीच.

घ्यायचात कुणाला? जो पोतं बाजूला, मोकळ्या जमिनीवर टाकायचा आणि उलटा वळून तुम्हाला आईवरून शिवी द्यायचा, त्याला. वाशीमकडच्या एकाने तर शिवी देऊन वर तुमची गचांडी धरली होती. तुम्ही एवढे हसलात की खोकला लागला. त्याच्या खांद्यावर हात टाकून गाळ्यात नेलंत, सगळ्यांना म्हणालात, 'हा आपला मानूस. माल फुटला तं फुटू दे, पुढचा नाही फुटला पाह्यजे. अन् ज्यानं धक्का मारला त्याले सोडू नाही.' सांडलेली ज्वारी टोळीने भरून दिली. मी शाळेतून येताना तुमचा डबा घेऊन यायचे, गोण्यांच्या थप्पीवर बसून हे सगळं बघायचे. मला वाटायचं, जगात याच्याहून न्यायाचं काही नाही.

आकड्याची मारामारी झाली तो दिवसही मी तिथेच होते. दुसऱ्या टोळीने आपल्या ट्रकला फळी लावली, तुम्ही ती पायाने उडवलीत, आणि त्यांच्यातल्या एकाने पोती ओढायचा लोखंडी आकडा तुमच्या खांद्यात घातला. आत गेल्याचा आवाज येतो त्याचा, अजून येतो मला. तुम्ही ओरडला नाहीत. खांद्यातला आकडा स्वतःच्या हाताने उपसलात आणि त्याच आकड्याने त्या माणसाचा गाल कानापासून तोंडापर्यंत उसवलात. तो गुडघ्यांवर बसला, गाल हाताने धरून ठेवायला बघत होता, आणि तुम्ही त्याच्या हातावर बुटाची टाच मारत होतात. माणसांनी तुम्हाला ओढून काढलं. मग तुम्ही माझ्याकडे आलात, गोणपाटाला हात पुसलेत, थप्पीवर माझ्याशेजारी बसून भाकरी मोडलीत. एक घास खाऊन म्हणालात, 'मीठ कमी हाय.' भाकरीला रक्त लागलं होतं. आणि मी, खरं सांगते, छाती फुगवून बसले होते. माझा बाप, म्हणत होते मनात. शाळेत दुसऱ्या दिवशी मैत्रिणींना रंगवून सांगितलं.

घरात मात्र फळी नव्हती. तुम्ही दारूला शिवला नाहीत, तेवढीही सबब तुम्ही आम्हाला ठेवली नाहीत. एके दिवशी एका अडत्याने भर टोळीसमोर तुम्हाला माठापासून लांब उभं केलं आणि मुनिमाला सांगून ओंजळीत वरून पाणी ओतायला लावलं. बौद्ध होऊन आपल्याला किती वर्षं झाली होती, त्याला ते दिसलं नव्हतं. तुम्ही ते पाणी प्यायलात. ज्याच्या गालात आकडा घालायला हवा होता त्याला नमस्कार करून घरी आलात. ही गोष्ट मला तुमच्या त्या वाशीमवाल्याने फार पुढे सांगितली, तेव्हा आम्हाला काही माहीत नव्हतं. आई चुलीपाशी होती. तिने तुमच्या तोंडाकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, 'काय झालं जी?' बस. तुम्ही तिला केसांना धरून उठवलंत आणि डाव्या कानावर मारलंत, मग परत त्याच कानावर, मग परत. वरणाचं पातेलं कलंडलं, तिचा पाय भाजला, ती पाय ओढत होती आणि तुम्ही सोडत नव्हतात. मी मधे घुसले. भुसार विभागात शिकलेली ती शिवी मी तुम्हाला दिली, आईवरूनच, तोंड भरून. मला वाटलं तुम्ही हसाल. देवाशप्पथ नाही म्हणत, आपल्यात ते चालत नाही, पण खरंच मला वाटलं, आता हसतील, म्हणतील, ही आपली. तुमची मूठ आली आणि पुढचा दात फरशीवर पडला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही काम बुडवलंत, जे तुम्ही खांद्यात भोक असतानाही केलं नव्हतं. मला सायकलवर बसवून शनिवार पेठेतल्या दातांच्या डॉक्टरकडे नेलंत. डॉक्टर म्हणाले, अहो, कशाने पडला हा? तुम्ही म्हणालात, 'फळीवरून पडली.' डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली. खोटा दात बसवून दिलात. येताना एका हॉटेलात मला जिलबी घेऊन दिलीत आणि मी ती एका बाजूने चावते आहे ते बघत बसलात. तुमच्या डोळ्यात पाणी होतं. ते पाहून मी तुम्हाला माफ केलं. फार लवकर केलं. आईला कानाच्या डॉक्टरकडे कुणी नेलं नाही. तो दात पुढे दोनदा बदलून घेतला, पण अजून राग आला की जीभ आपोआप त्याच्यामागे जाते.

परवा जीभ सकाळपासून तिथेच होती. अशा मोठ्या माणसांची मुलाखत घेत नाहीत, बाबा. त्यांना चहाला बोलावतात, त्याला चर्चा म्हणतात, आणि चर्चेच्या आधीच शाल आणून ठेवलेली असते. प्राध्यापक यायच्या आधी मी अध्यक्षांना त्या मुलीबद्दल सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, 'बाई, आपण मंडळ नेमतोय, जावई शोधत नाही.' हिंजवडीचा तरुण म्हणाला, 'मॅडम, त्यांचं काम टॉप क्लास आहे. बट हे जे ऐकतोय ते... आय मीन, प्रूफ काय?' मी म्हटलं, जबडा आहे, बघायचा असेल तर खालच्या मजल्यावर आहे. यावर दोघे चहाबद्दल बोलायला लागले.

प्राध्यापक आले. गोरेपान, उंच, आवाज असा की ऐकत राहावं. अर्धा तास ते समुद्राच्या तळाबद्दल बोलले आणि मीही रंगून ऐकलं, खोटं कशाला सांगू. अध्यक्ष शालीची घडी मोडायला लागले. तेव्हा मी तुमचा धक्का दिला. म्हटलं, 'सर, एकच विचारायचं होतं. त्या सफरीत तुमचं यंत्र मधेच थांबलं होतं. कशामुळे?' साधाच प्रश्न. त्यांना एवढंच म्हणायचं होतं की वारा वाढला, थांबवावं लागलं, माझं चुकलं. पोतं जमिनीवर टाकायला भरपूर जागा होती. ते म्हणाले, 'एक मुलगी घाबरली.' मी म्हटलं, मग? 'मग काय, आमची मोहीम वाया. हल्ली कुणालाही जहाजावर घेतात. राखीव जागांवरून येतात, संसार करायचं वय, लाटा पाहून रडतात.' मग कप्तान नालायक होता, सुकाणूवरचा खलाशी झोपला होता, खात्याने दोर हलका घेतला होता. एकेकाच्या पाठीवर टाकत चालले. ती मुलगी राखीव जागेवरून आली नाही. मी आले. मी म्हटलं, 'आणि तिचा जबडा कुणी मोडला, सर?'

त्यांचा चेहरा मी पाहिला आणि मला पुढचं सगळं कळलं, हे तोंड मी चुलीपाशी पाहिलं होतं. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि माझ्या डोक्यावर फेकला. भुवईवर फुटला. काच, पाणी, रक्त, एकदमच. ते टेबलाला वळसा घालून आले, माझी वेणी त्यांनी मुठीत धरली आणि डोकं खाली दाबून म्हणाले, 'तुझी लायकी काय आहे ग?' कपाळ टेबलावर आपटलं. आणखी एकदा आपटलं. तरुण धावला, त्याने त्यांना मागून कवळ घातली, त्यांच्या कोपराने त्याचा ओठ फुटला तरी सोडलं नाही त्याने. मी उभी राहिले तेव्हा माझ्या हातात टेबलावरचं काचेचं पेपरवेट होतं. कधी उचललं आठवत नाही. भरीव, मुठीत मावणारं. प्राध्यापकाचे दोन्ही हात मागे धरलेले, गाल समोर, आणि मला नेमकी जागा माहीत होती, कानापासून तोंडापर्यंत. बाबा, मला ते करायचं होतं. माझ्या दंडात तुमचा हात होता. मी पेपरवेट खाली सोडलं, फरशीला तडा गेला, आणि मग मी त्यांना ती शिवी दिली. मार्केट यार्डातली, आईवरून, तोंड भरून. सरकारी सभागृहात ती त्याआधी कुणी दिली नसावी. बाहेरचा शिपाई आत येऊन उभाच राहिला.

त्यांना गाडीत बसवून आल्यावर अध्यक्ष माझ्यासमोर बसले. रुमाल दिला, पाणी दिलं. आणि मग म्हणाले, 'होतं असं. असली माणसं तापट असतात. हात जरा जड आहे त्यांचा, पण माणूस सोन्यासारखा आहे हो. आपण सही करून टाका, मी त्यांना समज देतो.' हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. तुम्ही गेल्यावर, तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वस्तीतल्या विहारापुढे मांडव घातला होता, आणि टोळीतला एकेक जण उठून हेच म्हणत होता. हात जड होता, पण माणूस सोन्यासारखा. मी पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत, मान हलवत होते. आई माझ्या शेजारी होती. बोलणारे तिच्या डाव्या बाजूला उभे राहत होते, त्यामुळे तिला त्यातलं एक अक्षर धड ऐकू आलं नाही. ती सारखी मला विचारत होती, काय म्हनतात वं? आणि मी तिच्या उजव्या कानात सांगत होते, बाबांचं चांगलं बोलतायत.

मी सही केली नाही. अध्यक्षांनी सगळं करून पाहिलं, समजावलं, माझ्या बदलीचं नाव काढलं, वर कुणाला तरी फोन लावला. मी म्हटलं, माझी बदली करा, नवी सदस्य सचिव आणा, तिचंही कपाळ टेबलावर आपटून बघू. तेव्हा तो हिंजवडीचा तरुण, ओठाला बर्फ लावून बसलेला, म्हणाला, 'सर, माझाही नो. सॉरी.' अध्यक्षांनी शालीची घडी परत घातली. नाव गेलं नाही. पोलिसांत द्यायचं की नाही ते उद्या ठरवणार आहे, आणि देणार आहे. संध्याकाळी ती मुलगी दवाखान्यात आली. माझ्या कपाळाकडे बघत बसली. मग म्हणाली, 'मॅडम, कुणी विचारलं तर पडले म्हणून सांगू नका हं.' मी म्हटलं, नाही सांगणार. तू पण सांगू नकोस यापुढे. तिने मान हलवली, मग जबड्याला हात लावून म्हणाली, आता सांगते सगळ्यांना.

काल आईने टाक्यांवर हळद लावायचा हट्ट धरला. डॉक्टर नको म्हणालेत म्हटलं तर म्हणाली, डॉक्टरले काय कळते. स्वयंपाकघरात तिच्या उजव्या बाजूला बसून मी तिला सगळं सांगितलं. तिने भाजी निवडता निवडता ऐकलं. मग विचारलं, 'लय हुशार होता का तो?' म्हटलं, हो, फार. 'तरी नाही घेतला?' नाही घेतला. ती देठं मोडत राहिली. तुमचा उजवा हात लुळा पडला होता ते शेवटचे महिने मला आठवले, ती तुम्हाला भरवायची, आणि कधीकधी चमचा तुमच्या तोंडासमोर नुसताच धरून ठेवायची, तुम्ही तोंड उघडून वाट बघत असताना. मी ते बघून न बघितल्यासारखं करायचे. मग तिने मान वर केली आणि सहज विचारावं तसं विचारलं, 'अन् तुह्या बाबाले घेतलं असतं का वं?'

मी उठून पाणी प्यायले. गॅस बंद आहे का बघितलं. तिने पुन्हा विचारलं नाही.

रात्रभर तुम्हाला घ्यायचं कारण शोधत होते. तुमच्याइतकी टोळी कुणी राखली नाही. तुमच्या फळीवर माणूस मेला नाही, बाकीच्यांच्या मेले. जिलबी आठवली, डोळ्यातलं पाणी आठवलं, पाठीवर पोराला घेऊन पळालात ते आठवलं. मला शिकवलंत, वस्तीतले लोक हसत होते तरी शिकवलंत. पण फळीवर तुम्हाला मागून कुणी कधी धक्का दिला नाही, बाबा, तुमच्या मागे कुणी नसायचंच. बाहेर अडत्याने दिला, तो तुम्ही घरी घेऊन आलात, आणि जी समोर होती तिच्या अंगावर टाकलात. रोज टाकलात. तुमच्याच नियमाने तुम्ही कानफटात खाऊन बाहेर गेला असतात. मी तुम्हाला घेतलं नसतं. आई झोपून उठली की हे तिला सांगायचं आहे, उजव्या बाजूला बसून, नीट ऐकू येईल असं.

एक तेवढं तिला सांगणार नाही. प्राध्यापकाने माझी वेणी धरली, कपाळ पहिल्यांदा आपटलं, तेव्हा मी त्या तरुणाकडे पाहिलं नाही, अध्यक्षांकडे पाहिलं नाही. मी दाराकडे पाहत होते. तुम्ही येताय का म्हणून.